शिडावरचा स्वार, लाटेखालचा शार्क

हवाई बेटांपैकी माउई या बेटाच्या उत्तरेला होओकिपा नावाचा लहानसा किनारा आहे. हवाईच्या भाषेत या शब्दाचा अर्थ आतिथ्य असा होतो. दुपारी ईशान्येकडून वारा चढू लागला की येथे रंगीबेरंगी शिडे उभी राहतात आणि बघता बघता प्रशांत महासागराच्या लाटांवर झेपावतात. एखादा खेळाडू समोरून येणाऱ्या लाटेवरून शिडासह हवेत उसळतो, गिरकी घेतो आणि पुन्हा पाण्यावर उतरून वेगाने निघून जातो. याच किनाऱ्याच्या एका कोपऱ्यात संध्याकाळी दुसरे पाहुणे जमतात. हिरवी समुद्री कासवे मोठ्या संख्येने वाळूवर येऊन विसावतात. या कासवांवर ज्याची भूक काही अंशी भागते, तो टायगर शार्कही याच पाण्याचा रहिवासी आहे.

त्यामुळे लाटांवरच्या विंडसर्फिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे शार्कचे काय? उत्तरादाखल एक तर भीती वाढवली जाते, नाही तर आकडेवारी पुढे करून प्रश्नच हसण्यावारी नेला जातो. हवाईने मात्र मोठी किंमत मोजून या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. ते समजून घ्यायचे, तर आधी खेळ, मग समुद्र आणि त्यानंतर शार्क, या क्रमाने जायला हवे.

फळी, शीड आणि एक सांधा

लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याची कला हवाई बेटांवर शतकानुशतके चालत आली आहे. त्या फळीला शीड जोडण्याची कल्पना मात्र अलीकडची. १९६४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूमन डार्बी यांनी शिडाची फळी तयार केली होती. पुढे कॅलिफोर्नियात विमानशास्त्राचे अभियंते जिम ड्रेक आणि त्यांचे मित्र हॉयल श्वाइत्झर यांनी या कल्पनेला आजच्या खेळाचे रूप दिले. १९६८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० मध्ये ते मंजूर झाले.

या खेळाचे रहस्य डोलकाठीच्या बुंध्याशी असलेल्या सांध्यात आहे. हा सांधा सर्व दिशांना वळतो. होडीत डोलकाठी पक्की असते आणि दिशा बदलण्यासाठी सुकाणू लागते. येथे सुकाणू नाही. शीड पुढे झुकवले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर जाते, मागे झुकवले की ते वाऱ्याच्या दिशेने वळते. शिडाला आडवी धरलेली बूम, कमरेचा हार्नेस आणि फळीवरचे पायपट्टे यांच्या साहाय्याने खेळाडू वाऱ्याचा जोर स्वतःच्या शरीरातून फळीपर्यंत पोहोचवतो.

हवाईच्या ओआहू बेटावर वाढलेला रॉबी नाईश १९७६ मध्ये वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी विश्वविजेता झाला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. परंतु ऑलिम्पिकमधील शर्यत आणि महासागराच्या लाटांतील विंडसर्फिंग या अगदी भिन्न गोष्टी आहेत. शर्यतीत वेग मोजला जातो. लाटांमध्ये उडी, वळण आणि लाटेशी साधलेला मेळ पाहिला जातो.

माउईच का?

या खेळाला वारा आणि लाट एकाच वेळी हवी असते आणि हा योग सहसा जुळत नाही. मोठ्या लाटा दूरच्या वादळांतून जन्माला येतात, तर किनाऱ्यावरचा वारा स्थानिक भूगोलावर अवलंबून असतो. माउईत दोन्ही भेटतात. बेटाच्या पूर्वेला ३,०५५ मीटर उंचीचा हालेआकाला ज्वालामुखी आहे, तर पश्चिमेला दुसरी डोंगररांग. या दोहोंमधील सखल पट्टीतून ईशान्य व्यापारी वारे वाहतात तेव्हा अरुंद बोळातून जाणाऱ्या वाऱ्याप्रमाणे त्यांचा वेग वाढतो. हिवाळ्यात उत्तर प्रशांत महासागरातील वादळे हजारो किलोमीटर अंतरावरून उंच लाटा पाठवतात.

होओकिपाच्या पूर्वेला काही अंतरावर पेआही नावाची जागा आहे. हिवाळ्यातील मोजक्या दिवशी तेथील लाटा १५ मीटरपेक्षाही उंच होतात. १९७५ मध्ये आलेल्या ‘जॉज’ या शार्कपटावरून सर्फिंग करणाऱ्यांनी या लाटेचे नाव ‘जॉज’ ठेवले. भीती आधी चित्रपटाच्या पडद्यावर आली आणि मग समुद्राच्या नकाशावर उमटली, असा हा प्रकार.

धोका वेगात नव्हे, थांबण्यात

शीड भरून वाहत असते तेव्हा खेळाडू पाण्यात नसतोच. तो ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत असतो. शार्कशी गाठ पडण्याची खरी शक्यता त्याच्या पडण्याबरोबर सुरू होते.

लाटांसाठीची फळी जेमतेम सव्वादोन मीटर लांबीची आणि हलकी असते. स्थिर पाण्यात ती खेळाडूचे वजन नीट पेलत नाही. त्यामुळे तिच्यावर उभे राहून शीड ओढून वर घेणे शक्य नसते. खेळाडूला पाण्यातच पडून शीड वाऱ्याच्या दिशेला आणावे लागते, ते थोडे उचलून त्यात वारा भरावा लागतो आणि वाऱ्यानेच त्याला फळीवर उचलून घ्यावे लागते. या क्रियेला ‘वॉटर स्टार्ट’ म्हणतात. जमले तर काही सेकंदांचे काम. मात्र वारा पडला, डोलकाठी मोडली किंवा फुटलेल्या लाटेने फळी हिसकावून नेली, तर तोच खेळाडू दीर्घकाळ पाण्यात लोंबकळत राहतो.

विंडसर्फिंगमध्ये फळीची दोरी सहसा पायाला बांधलेली नसते. पाण्यात पडलेले शीडच नांगरासारखे काम करते आणि फळीला फार दूर जाऊ देत नाही. म्हणून या खेळातील पहिला धडा असा की काहीही झाले तरी फळी सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसला तरी एकट्याने पोहत निघायचे नाही. मदत हवी असेल तर फळीवर बसून दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करायचे. संकटाची ही खूण जगभर ओळखली जाते. हा धडा मुळात बुडण्यापासून वाचण्यासाठी आहे. शार्कच्या बाबतीतही तोच उपयोगी पडतो.

पट्टेरी रहिवासी

हवाईत माणसांना झालेल्या गंभीर चाव्यांमध्ये टायगर शार्कचे नाव प्रामुख्याने येते. अंगावरील पट्ट्यांमुळे त्याला हे नाव मिळाले. त्याची लांबी चार-पाच मीटरपर्यंत वाढते आणि करवतीसारखे दात कासवाचे कवचही फोडतात. दुरून येणारी कमी कंपनांची ध्वनिलहर, पाण्यातील गंध आणि अगदी जवळ आल्यावर सजीवांच्या शरीरातील सूक्ष्म विद्युत स्पंदने, हे सारे त्याला कळते. ही स्पंदने टिपणारी छिद्रे त्याच्या मुस्कटावर, म्हणजे तोंडाच्या पुढच्या भागावर असतात.

२०१२ आणि २०१३ मध्ये माउईभोवती शार्कच्या चाव्यांचे प्रमाण अचानक वाढले तेव्हा हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी टायगर शार्कना उपग्रहाद्वारे माग घेणारी यंत्रे बसवून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माउई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे या बेटांना जोडणारा विस्तीर्ण उथळ सागरी पट्टा टायगर शार्कच्या आवडीचा अधिवास आहे, म्हणून त्यांचा वावर तेथे अधिक दिसतो. ज्या किनाऱ्यांवर माणसांची गर्दी असते, त्यांच्या जवळूनही शार्क नेहमी जात-येत असतात. म्हणजे भेट रोजचीच म्हणावी अशी. चावा मात्र विरळा.

ऋतूचाही संबंध आहे. प्रौढ माद्यांपैकी काही शरद ऋतूत वायव्येकडील दूरच्या बेटांवरून मुख्य बेटांकडे येतात आणि हा काळ त्यांच्या पिले देण्याच्या काळाशी जुळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत अधिक सावध राहण्याचा सल्ला हवाईत त्यामुळेच दिला जातो.

सतरा वर्षांची शिकार

१९५८ च्या डिसेंबरमध्ये ओआहूजवळ एका किशोरवयीन मुलाचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. लोकक्षोभ उसळला आणि शार्कचा नायनाट हाच उपाय ठरला. १९५९ ते १९७६ या काळात टप्प्याटप्प्याने राबवलेल्या मोहिमांत ४,६६८ शार्क मारले गेले. खर्च तीन लाख डॉलरच्या वर गेला. मारलेल्यांत टायगर शार्क होते अवघे ५५४. पुढे संशोधकांनी या मोहिमांचा हिशेब मांडला तेव्हा चाव्यांच्या प्रमाणात मोजता येईल अशी घट आढळली नाही.

कारण आज स्पष्ट झाले आहे. टायगर शार्क एका किनाऱ्याचा मालक नसतो. तो बेटांमधून शेकडो किलोमीटर फिरतो. आज येथे दिसलेला शार्क उद्या दुसऱ्या बेटाजवळ असतो आणि त्याच्या जागी तिसराच आलेला असतो. ज्याने चावा घेतला तोच सापडेल, याची कोणतीही खात्री नसते.

हवाईतील काही मूळ कुटुंबे शार्कला ‘आउमाकुआ’, म्हणजे कुळाचे रक्षण करणारा पूर्वजात्मा मानतात. ती श्रद्धा आणि विज्ञान यांची वाट वेगळी असली, तरी कायदा अखेर शार्कच्या बाजूने उभा राहिला. २०१० मध्ये हवाईने शार्कच्या परांच्या व्यापारावर बंदी घातली. १ जानेवारी २०२२ पासून, परवानगी असलेले अपवाद वगळता, राज्याच्या सागरी हद्दीत जाणूनबुजून शार्क पकडणे किंवा मारणे हा गुन्हा ठरला.

आकड्यांच्या दोन बाजू

अमेरिकेतील फ्लोरिडा नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जगभरातील शार्कच्या हल्ल्यांची नोंद ठेवली जाते. माणसाने डिवचलेले नसताना झालेले चावे २०२३ मध्ये ६९ होते व त्यांत १० जणांचा मृत्यू झाला. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे ४७ आणि ४ होते. उलट बाजूला, माणसाकडून दरवर्षी मारल्या जाणाऱ्या शार्कची संख्या सुमारे दहा कोटी असल्याचा अंदाज २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क आणि पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मधील अभ्यासात दिसून आले. आपल्याकडे कोकणातील मासळी बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून जी विकली जाते, ती शार्कच्याच कुळातली. बहुतेक मराठी माणसांची शार्कशी भेट होते ती ताटात.

तरीही हे आकडे समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येकाला सारखे लागू होत नाहीत. जे रोज त्याच पाण्यात तासन् तास असतात, त्यांचा धोका किनाऱ्यावर पाय भिजवणाऱ्यापेक्षा अर्थातच जास्त असतो. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जेफ्रीज बे येथे स्पर्धेच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा सर्फर मिक फॅनिंग याच्या फळीच्या दोरीत शार्क अडकला. हा थरार थेट प्रक्षेपणात जगाने पाहिला. फॅनिंगला इजा झाली नाही. स्पर्धा मात्र थांबवावी लागली.

शार्कला दूर ठेवणारी विद्युत उपकरणे बाजारात आहेत. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने अशा पाच साधनांची चाचणी घेतली. सर्वांत प्रभावी उपकरणामुळे ग्रेट व्हाइट शार्कने आमिष घेण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. इतर साधनांचा प्रभाव फारसा दिसला नाही. म्हणजे उत्तम साधनही धोका कमी करते, संपवत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी

अनुभवातून तयार झालेले नियम साधे आहेत. पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री पाण्यात जाऊ नये. मुसळधार पावसानंतर नदी-ओढ्यांच्या मुखाशी पाणी गढूळ होते. तेथे शार्कला नीट दिसत नाही आणि माणसालाही. मेलेले मासे किंवा मेलेले कासव दिसल्यास, तसेच मासेमारी चालू असल्यास तेथून दूर जावे. अंगावर वाहती जखम असताना उतरू नये. एकट्याने जाऊ नये. डोलकाठी, सांधा आणि दोऱ्या रोज तपासाव्यात. मोडलेली डोलकाठी म्हणजे पाण्यात घालवावा लागणारा अर्धा तास.

शार्क दिसलाच, तर त्याच्यावरची नजर काढू नये, पाणी खळबळवू नये आणि शक्य तितक्या लवकर शरीर फळीवर घ्यावे. तो जवळ आल्यास फळी मध्ये धरावी. पकडलेच, तर नाक, डोळे आणि कल्ले यांवर जोराने प्रहार करावा.

चाव्यानंतर जीव जातो तो बहुधा रक्तस्रावाने. ३१ ऑक्टोबर २००३ रोजी कवाई बेटाजवळ तेरा वर्षांच्या बेथनी हॅमिल्टनचा डावा हात टायगर शार्कने तोडला. सोबत्यांनी फळीची दोरी खांद्याजवळ घट्ट आवळून रक्त रोखले, म्हणून ती वाचली आणि महिनाभराच्या आत पुन्हा लाटांवर उतरली. तिच्याबरोबर माणसे होती आणि त्यांना काय करायचे ते ठाऊक होते, हे या घटनेचे मर्म. तिच्या धैर्याच्या कथेत ते अनेकदा मागे पडते.

हवाईत आज चाव्याची घटना घडली की शार्कचा पाठलाग होत नाही. घटनास्थळाच्या दोन्ही बाजूंना एकेक मैल किनाऱ्यावर इशाऱ्याचे फलक लागतात, लोकांना पाण्याबाहेर काढले जाते आणि किमान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली जाते. पाहणीत काही संशयास्पद आढळले नाही तर फलक काढले जातात. तोवर वारा चढलेला असतो आणि किनाऱ्यावर शिडे पुन्हा उभी राहू लागतात.