‘द मूनस्टोन’मधील दुय्यम पात्रे

विल्की कॉलिन्स (१८२४–१८८९) या इंग्रज लेखकाच्या ‘द मूनस्टोन’ या रहस्यकादंबरीत नायक-नायिकेभोवती वावरणारी नोकरमाणसे, नातेवाईक, वकील, पोलीस व डॉक्टर यांचा हा समूह. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात कादंबरी जानेवारी ते ऑगस्ट १८६८ या काळात क्रमशः छापली गेली आणि त्याच वर्षी तीन खंडांत निघाली. इंग्रजीतील आधुनिक गुप्तहेर-कादंबऱ्यांमध्ये पहिली, सर्वांत लांब आणि सर्वांत चांगली, असा तिचा गौरव कवी टी. एस. एलियट यांनी केला. तिच्या मोठेपणाचे खरे श्रेय या दुय्यम पात्रांकडे जाते. त्यांचे स्वभाव हेच इथले धागेदोरे आहेत, आणि माणूस ओळखण्यात चूक झाली की तपासही चुकतो. हे दाखवायचे तर रहस्य उघड करणे भाग आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचावी.

कथानक थोडक्यात असे : १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी एक पिवळा हिरा बळकावतो. हा हिरा मुळात सोमनाथच्या चंद्रदेवतेचा. १८४८ च्या जून महिन्यात तो हर्नकॅसलची भाची रेचल व्हेरिंडर हिला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री यॉर्कशरमधील तिच्या घरातून नाहीसा होतो. हिरा उचललेला असतो तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रँकलिन ब्लेकने, पण अफूच्या अमलाखाली, स्वतःच्या नकळत. रेचलने ते डोळ्यांनी पाहिलेले असते आणि त्याच्यावरील प्रेमापोटी ती तोंड उघडत नाही.

ही कथा एकच निवेदक सांगत नाही. ज्याने जे पाहिले तेवढेच त्याने लिहायचे, असे ठरवून ब्लेक एकेकाकडून हकिगत लिहवून घेतो. त्यामुळे इतर कादंबऱ्यांत दार उघडून बाजूला होणारा माणूस इथे शंभर-दोनशे पाने बोलत राहतो. घराचा वृद्ध कारभारी गॅब्रिएल बेटरेज याची हकिगत सर्वांत लांब. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ कोणत्याही अडचणीत ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून त्यात उत्तर शोधतो. वाचून वाचून त्याने त्या पुस्तकाच्या सहा प्रती झिजवल्या आहेत. हा निव्वळ गमतीचा तपशील नव्हे. एका पुस्तकावर आणि एका घराण्यावर आयुष्यभर निष्ठा ठेवणारा माणूस जे पाहतो ते प्रामाणिकपणे सांगतो, पण मालकांच्या घरातल्या कोणावर संशय घ्यायला त्याचे मन धजत नाही. वाचक त्याच्या डोळ्यांनी घर पाहतो आणि त्याच्या डोळ्यांची मर्यादाही त्याला लागू होते.

सर्वांत खोलवर रंगवलेले पात्र मात्र रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीचे. ती पूर्वाश्रमीची चोर. एक खांदा दुसऱ्याहून मोठा, रूप नाही, घरात मैत्रिणी नाहीत. लंडनच्या सुधारगृहातून रेचलची आई लेडी व्हेरिंडर हिने तिला कामावर आणलेले असते. समुद्रकिनारी भरती-ओहोटीच्या वेळी थरथरणारी, माणूस गिळणारी वाळू आहे; तिथे जाऊन एकटे बसण्याची तिला सवय. सुरुवातीच्या एका प्रसंगात बेटरेज तिला जेवायला बोलवायला त्या किनाऱ्यावर जातो. त्याच्या कोटावरचा तेलकट डाग मुलीने नव्या औषधाने काढलेला असतो, पण कापडावर त्या जागी फिकटपणा उरला आहे. रोझॅना त्या जागेवर बोट ठेवते : डाग गेला, पण जागा दिसतेच. चोरीचा शिक्का पुसून नवे आयुष्य सुरू केलेल्या मुलीने असे म्हणावे, यात तिचे सगळे दुःख येते. पुढे सगळे रहस्यही डागावरच उभे राहते. रेचलच्या खोलीच्या दाराचा ओला रंग एका ठिकाणी पुसला गेलेला असतो, आणि तो ब्लेकच्या रात्रीच्या झग्याला लागलेला असतो. झगा सापडतो रोझॅनालाच. ती कापड विकत आणून रातोरात हुबेहूब दुसरा झगा शिवते आणि डागाचा झगा पत्र्याच्या डब्यात घालून त्या वाळूत बुडवते.

इथे कॉलिन्सने पोलिसी तपासाची केलेली परीक्षा अपूर्व आहे. स्थानिक सुपरिंटेंडंट सीग्रेव्ह नोकरांना दरडावण्यापलीकडे जात नाही. पुसलेला रंग त्याला क्षुल्लक वाटतो. लंडनहून आलेला सार्जंट कफ गुलाबांचा वेडा. बागेतल्या वाटा गवताच्या असाव्यात की खडीच्या, यावर तो माळ्याशी तासन्‌तास हुज्जत घालतो. त्याला काहीच क्षुल्लक वाटत नाही. कापडाची खरेदी, रात्रीची शिलाई, किनाऱ्यावरचा डबा, सगळे तो बरोबर जुळवतो. फक्त हे सगळे कोणासाठी, यात तो चुकतो. रोझॅना ब्लेकवर जीव टाकते हे बेटरेजची मुलगी पेनेलोपी हिने आधीच ओळखलेले असते. बाप त्यावर हसतो. बेटरेज हे कफच्याही कानावर घालतो. कफ हसत नाही, तो कनवाळू आहे. पण तपासात त्या प्रेमाला तो जागा देत नाही. कर्जापायी रेचलनेच स्वतःचा हिरा लपवला आणि जुनी चोर तिला सामील झाली, असा त्याचा निष्कर्ष. कुरूप मोलकरीण जीव ओतून प्रेम करू शकते आणि त्यासाठी पुरावा दडवू शकते, ही शक्यता इंग्लंडमधल्या सर्वांत हुशार पोलिसाच्या हिशेबात बसत नाही. रोझॅना त्याच वाळूत जीव देते.

कफच्या मागे खरा माणूस होता. १८६० च्या रोड हिल हाउस खून प्रकरणात लंडनचे पोलीस अधिकारी जोनाथन व्हिचर यांनी एका हरवलेल्या रात्रीच्या झग्यावरून घरातल्याच मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर, संशय घेतला आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. १८६५ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. कॉलिन्सने झगा उचलला, पण निकाल उलटा केला.

रोझॅनाची मैत्रीण ल्यूसी योलंड ही कोळ्याची लंगडी मुलगी. तिच्या वाट्याला मोजकीच पाने येतात. दोघींनी लंडनला जाऊन शिवणकामावर पोट भरायचे, बहिणींसारखे राहायचे, असा बेत तिने मनाशी धरलेला. रोझॅना गेल्यावर ती ब्लेकसाठी ठेवलेली चिठ्ठी घेऊन बसते, आणि सारे गाव ज्याला साहेब म्हणते त्याचे नाव ती नुसतेच घेते, मानाचा शब्द लावायला नकार देते. तेवढ्या एका नकारात तिचे सबंध पात्र उभे राहते.

धार्मिक पत्रके वाटत फिरणारी ड्रुसिला क्लॅक हे विनोदी पात्र. गरीब नात्यातली, उपेक्षित, आणि गॉडफ्री एबलव्हाइट या देखण्या धर्मादायी गृहस्थावर भाळलेली. ब्लेकने नकळत उचललेला हिरा पुढे बळकावणारा खरा गुन्हेगार गॉडफ्रीच असल्याने तिचे भाबडेपण हाच लेखकाचा पडदा ठरतो. हा विनोद लिहिताना कॉलिन्स संधिवाताने अंथरुणाला खिळला होता आणि आई मरणपंथाला लागली होती. मजकुराचा काही भाग त्याने पडल्या पडल्या सांगून लिहवून घेतला.

वेदनेसाठी कॉलिन्स स्वतः अफूचा अर्क घेत असे, आणि त्या अनुभवातूनच एझ्रा जेनिंग्ज घडला असणार. डॉक्टर कँडीचा हा मदतनीस : काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे केस, वसाहतीतला जन्म, मिश्र रक्त, माथी बसलेला जुना आळ, असाध्य दुखणे. लोक त्याला टाळतात. कँडीच्या तापातील बरळणे तो उशाशी बसून टिपतो, तुटक शब्दांमध्ये जागा मोकळ्या सोडतो आणि मग त्या भरत जातो. ब्लेकला त्याच्या नकळत अफू दिली गेली होती, हे असे उघडकीला येते. प्रयोग करून ते सिद्धही तोच करतो. जे कफला साधले नाही ते अफू आणि बदनामी दोन्ही ओळखणाऱ्याला साधले. मरताना स्वतःची टिपणे तो आपल्याबरोबर पुरायला सांगतो, थडग्यावर नावही नको म्हणतो.

उणीव आहे ती गॉडफ्रीच्या बाबतीत. त्याचे दुहेरी आयुष्य, अज्ञान मुलाचे हडपलेले वीस हजार पौंड, उपनगरातला बंगला, हे सगळे शेवटी कफच्या अहवालात एका दमात येते. इतक्या जिवंत माणसांच्या घोळक्यात चोरच पुसट राहिला.

हिऱ्यामागे आलेल्या तीन ब्राह्मणांना तर नावेही नाहीत. हा त्या काळच्या इंग्रजी दृष्टीचा दोष मानावा लागतो. तरीही प्रवासी मर्थवेटच्या पत्रात त्यांना जो शेवट मिळतो तो मराठी वाचकाला चटकन भिडतो, कारण समुद्र ओलांडल्याने जात जाणे आणि प्रायश्चित्त हे आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकातले रोजचे वास्तव होते. हिऱ्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, जादूगारांचा वेश घेतला, जात गमावली. हिरा चंद्रदेवतेच्या कपाळी परत बसतो त्या रात्री, सोमनाथला, हजारोंच्या गर्दीसमोर ते एकमेकांना आलिंगन देतात आणि तीन वेगळ्या दिशांच्या तीर्थयात्रेला निघतात. पुन्हा एकमेकांचे तोंड पाहायचे नाही, ही त्यांची शिक्षा.