प्रस्तावना : पलटणीचा बिल्ला कसा वाचावा

मानपुराहून महूची छावणी जवळ. तिथे पायदळाची शाळा आहे, सिग्नल्सचे महाविद्यालय आहे. त्यामुळे गणवेश या भागात रोजचाच. टोपीवरचा बिल्ला मात्र फारसे कोणी निरखून पाहत नाही. तो वाचता यावा, एवढ्यासाठी हा अभ्यास.

सुरुवात शेंड्यापासून करावी. तिथे पूर्वी ब्रिटिश मुकुट असे. प्रजासत्ताकानंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. मधल्या आकृतीत पलटणीचे कूळ असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिगुल ही युरोपातल्या हलक्या पायदळाची खूण, ढाल-तलवार आपली. सिग्नल्सकडे रोमन देवांचा दूत मर्क्युरी आहे आणि ब्रीद आहे 'तीव्र चौकस'.

कधी कूळ भलतीकडेच निघते. होळकरांचे इंदूर पायदळ पुढे १५ कुमाऊं (इंदूर) झाले. कुमाऊंच्या बिल्ल्यावर क्रूस धरलेला अर्धा सिंह आहे. तो ना हिमालयातला, ना माळव्यातला. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने उभारलेल्या फौजेतून कुमाऊं रेजिमेंट वाढली, आणि सिंह त्याच्या घराण्याच्या कुलचिन्हातला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो महार रेजिमेंटचा बिल्ला. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली; तीत कंपनीच्या फौजेतून महार शिपाई लढले, आणि तिच्या स्मरणार्थ तिथे स्तंभ उभा राहिला. लढाईनंतर पाचच दिवसांनी होळकरांनी मंदसोरचा तह केला आणि त्यातून महूची छावणी वसली. याच छावणीत १८९१ मध्ये सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, जन्मले. थोड्याच काळात सरकारने महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात पलटण उभारली, गरज सरताच मोडली. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा टोपीवर कोरेगावचा स्तंभ आला. ज्यांना लढवय्ये मानायलाच सरकार तयार नव्हते, त्यांनी आपला पुरावा कपाळावर लावला. पुढे रेजिमेंट मशीनगनची झाली, बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आडव्या-तिडव्या आल्या. नंतर स्तंभ जाऊन खंजीर आला. म्हणून माझा आग्रह आहे की बिल्ल्यावर काय आहे हे पाहतानाच काय काढले तेही विचारावे.

वाचकाने आरंभ घरच्या ट्रंकेतून करावा. आजोबांचा बिल्ला सापडला तर ब्रासो लावण्याआधी मागची बाजू पाहावी. तिथे कारखान्याचा शिक्का असू शकतो, आणि घासताना तो झिजू शकतो.