हंगाम नसतानाची शिकार

‘कॅश क्लिअर करून बघ.’ आयटीत काम करणाऱ्यांना हे वाक्य पाठच असतं. संगणकाच्या जगात हा शब्द १९६८मध्ये आला, आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या मशीनमुळे. प्रोसेसरच्या हाताशी असलेली, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला न दिसणारी छोटी मेमरी म्हणजे कॅश. मुळात फ्रेंच शब्द, अर्थ लपवणं. पण तो इंग्रजीत आणला इंजिनीयरांनी नाही. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत फरसाठी प्राणी धरणाऱ्या शिकाऱ्यांकडून तो आला.

मी याच्या मागे लागलो ते ऑफिसातल्या एका सीनियरमुळे. मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. ते नऊ दिवस आमचा हा सीनियर ऑफिसात दिसत नाही. उरलेलं वर्ष तो त्याच रानांत जिओकॅशिंग करतो. खेळ साधा आहे. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. तुम्ही तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा.

बंदूक घेणारा माणूस वहीत सही करायला चार मैल चालतो, याचं मला हसू आलं होतं. इतिहास वाचल्यावर वाटलं, यात विचित्र काहीच नाही. हा शिकाऱ्यांचाच खेळ आहे.

जून १८०५. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीतून पश्चिमेकडे निघाली होती. सामान जड झालं, तेव्हा परतीच्या वाटेवर लागणारं सामान पुरून ठेवायचं ठरलं. लुईसला हे तंत्र येत नव्हतं. त्याने ते काम पिएर क्रुझातवर सोपवलं. क्रुझातचे वडील फ्रेंच, आई ओमाहा जमातीची. तो एका डोळ्याने आंधळा, पण नदीवरचा पक्का नावाडी. आधी वरची हिरवळ अलगद गोल कापून बाजूला ठेवायची. मग तोंड अरुंद आणि पोट मोठं असा खड्डा खणायचा. निघालेली माती कापडावर घेऊन नदीत टाकायची, म्हणजे कुणाला संशय येत नाही. आतून फांद्या आणि गवत लावायचं, सामान भरायचं, हिरवळ परत बसवायची.

मी सांगलीकडचा. हे वर्णन वाचताना मला थेट हरिपूरची हळदीची पेवं आठवली. तोंड अरुंद, पोट मोठं. आणि दोन्हींचा शत्रूही एकच, पाणी. २००५च्या महापुरात कृष्णेने हरिपूरची पेवं बुडवली. त्याच्या १९९ वर्षं आधी, जुलै १८०६मध्ये, लुईसने परत येऊन मिसुरीच्या धबधब्यांजवळचा आपला एक खड्डा उघडला, तर पुराचं पाणी आत शिरलं होतं. अस्वलांची कातडी कुजली होती, गोळा केलेले वनस्पतींचे नमुने गेले होते. नदीचा नकाशा तेवढा वाचला. जिओकॅशिंगवाले आज लष्करात वापरलेले काडतुसांचे लोखंडी डबे पसंत करतात. त्यांच्या झाकणाला रबर असतं, पाणी आत जात नाही. असे डबे शिकाऱ्यांच्या घरी आधीपासूनच पडलेले असतात. एक फरक मात्र आहे. जमीन खणून डबा पुरायला या खेळात बंदी आहे. म्हणजे ज्या खड्ड्यामुळे हा शब्द आला, तोच नियमबाह्य.

आता प्रश्न असा की शिकाऱ्याकडे एवढा मोकळा वेळ आला कुठून? ‘ऑफ-सीझन’ ही निसर्गाची देणगी नाही. क्रुझातच्या पिढीनंतरच्या शिकाऱ्यांनी बीव्हर नावाचा प्राणी टोप्यांसाठी इतका मारला की डोंगरांतले ओढे रिकामे झाले. १८२५पासून दर उन्हाळ्यात रॉकी पर्वतात भरणारा त्यांचा मेळा १८४०मध्ये शेवटचा भरला. पुढे तेच बायसनचं झालं. कोट्यवधींचे कळप होते, शतक संपत आलं तेव्हा काहीशे उरले. पांढऱ्या शेपटीची हरणं १९००च्या आसपास साऱ्या देशात पाच लाखांच्या आत होती, असा अंदाज आहे.

मग हंगाम ठरले, मर्यादा आल्या, परवाने आले. यात पुढाकार घेणाऱ्यांत शिकारीही होते. थिओडोर रूझवेल्टने १८८७मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच क्लब. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. त्या पैशातून राज्यांनी रानं राखली. आज पाठीला सॅक लावून डबा शोधायला जाणाऱ्या कित्येकांच्या पायाखालची जमीन काडतुसांच्या करावर राखलेली आहे. बंद हंगाम म्हणजे आधीच्या पिढ्यांनी केलेल्या नासधुशीची वसुली.

दुसरा धागा आकाशातला. जीपीएस लष्कराचं, त्यामुळे सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे. दाखवलेली जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकायची. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने १ मे २०००च्या मध्यरात्री ही मिसळ बंद झाली. चूक साधारण १० मीटरवर आली. हिशोब करून बघा. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर रान. १० मीटरचं म्हणजे जेमतेम तीन गुंठे. पावणेआठ एकरांत डबा सापडणार नाही. तीन गुंठ्यांत सापडू शकतो, पण डोळे उघडे ठेवावे लागतात.

३ मे रोजी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी काळी बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, बीन्सचा डबा आणि नोंदवही. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. महिना संपायच्या आत मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं. अशा रीतीने शिकाऱ्यांचा शब्द खड्ड्यातून निघून उपग्रहापर्यंत पोचला.

आमच्या सीनियरला विचारलं, शिकार आणि हे, सारखं वाटतं का? तो म्हणाला, ‘नाही. डब्याला माझा वास येत नाही, तो पळत नाही.’ मग त्याने फायदे सांगितले. पाय चालते राहतात. ज्या कोपऱ्यात एरवी गेलो नसतो तिथे जावं लागतं. डबा शोधताना ओकची झाडं दिसतात, हरणांची पायवाट दिसते, शिंगं घासलेलं खोड दिसतं. तक्रारही आहे. डब्यापाशी माणसांची वर्दळ वाढली की गवत तुडवलं जातं, वाट पडते, हरणं ती जागा सोडतात. म्हणून ऐन हंगामात तो डब्यांच्या वाटेला जात नाही.

न जाण्याचं कारण तेवढंच नाही. ११ ऑगस्ट १८०६. लुईस आणि क्रुझात एल्क मारायला नदीकाठच्या झुडपांत शिरले. लुईसच्या अंगावर तपकिरी कातड्याचे कपडे होते. क्रुझातने त्याला एल्क समजून गोळी झाडली. ती लुईसच्या मांडीच्या मागच्या भागातून आरपार गेली. तो वाचला, पण पुढे कित्येक दिवस त्याला नावेत पालथं पडून राहावं लागलं. खड्डा खणून देणारा आणि गोळी झाडणारा माणूस एकच होता. आज विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याच्या कमरेवरचे निम्मे कपडे तरी भडक नारिंगी असावे लागतात. २०१६पासून भडक गुलाबीही चालतो. त्या दिवसांत डबा शोधायला जाणार असाल, तर तुम्हीही तो रंग घाला.

शिकारीत दोन कामं असतात, शोधणं आणि मारणं. कायद्याने वर्षातला बराच काळ दुसऱ्यावर कुलूप लावलं, तेव्हा पहिलं एकटं उरलं. जिओकॅशिंगने त्याला निमित्त दिलं.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हंगाम बंद केला, तो उघडलाच नाही. उघडू नये, असंच मलाही वाटतं. पण इंग्रजांनी १८७१च्या कायद्याचा आधार घेऊन ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्या पारध्यांची पोटापाण्याची विद्या या बंदीने बेकायदा झाली. आमच्या सीनियरला नोव्हेंबरची वाट पाहता येते, पगारही असतो. पारध्यांना यातलं काहीच नव्हतं. मध्य प्रदेशात पन्नाच्या रानात पारधी तरुण आता पर्यटकांना पायी फिरवतात, माग वाचून दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढतात. शोधायचं, दाखवायचं आणि जागच्या जागी सोडायचं. या कामाचे त्यांना पैसे मिळतात, आणि असे पैसे देणारी रानं अजून फार थोडी आहेत.