कव्हरेजचा आकडा नेमके काय मोजतो? (थ्रेड)

१/ वसई-विरारमध्ये घर घेणारा पहिल्यांदा विचारतो : कार्पेट की बिल्ट-अप? मोजमाप बदलले की तेच घर कागदावर मोठे होते. सॉफ्टवेअर चाचणीतील ‘कोड कव्हरेज’चा इतिहासही अशाच मोजमापांचा आहे.

२/ स्वयंचलित चाचण्या चालल्या तेव्हा प्रोग्रामचा किती भाग प्रत्यक्ष चालला, हे कव्हरेज सांगते. जोन मिलर व क्लिफर्ड मॅलोनी यांनी १९६३ मध्ये एसीएमच्या मासिकात या पद्धतीचे आरंभीचे विवेचन केले.

३/ सर्वांत सोपे मोजमाप ओळींचे. समजा, तिकिटाच्या प्रोग्राममध्ये नियम आहे : ‘मूल असेल तर भाडे निम्मे.’ केवळ मुलाच्या तिकिटाची चाचणी घेतली, तरी प्रत्येक ओळ चालते आणि आकडा १०० टक्के येतो. प्रौढाचे तिकीट मात्र कोणी तपासलेलेच नसते. फाटे मोजणारे ‘ब्रँच कव्हरेज’ येथे ५० टक्केच दाखवते.

४/ जिथे जिवाचा प्रश्न, तिथे मोजमाप आणखी कठोर झाले. १९९२ च्या ‘डीओ-१७८बी’ या विमान-सॉफ्टवेअर मानकाने सर्वांत धोक्याच्या श्रेणीसाठी अट घातली : निर्णयातील प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलते, हे चाचणीने दाखवावे.

५/ साधनेही भाषेनुसार आली. सी भाषेसाठी जीसीसीसोबत येणारे ‘जीकॉव्ह’. जावासाठी ‘कोबर्तुरा’, हा शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज, अर्थ कव्हरेज. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अमल पाहिलेल्या वसईला ही भाषा परकी नव्हे! जावासाठीच पुढे ‘जाकोको’ आले. ते प्रोग्राम चालू होतानाच त्यात मोजणीच्या खुणा पेरू शकते.

६/ जावास्क्रिप्टच्या ‘इस्तंबूल’ची नामकथा आपल्या ओळखीची आहे. कर्त्याने सांगितलेली साखळी अशी : कव्हरेज, कार्पेट एरिया, उत्तम गालिच्यांचा देश!

७/ महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभे राहिले आणि प्रोग्राम-विश्लेषण हा तेथील संशोधनाचा एक प्रमुख विषय झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधकांचे ‘व्हेरिफझ’ हे साधन चाचण्या आपोआप तयार करते. २०१९ च्या पहिल्या ‘टेस्ट-कॉम्प’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते एकूण क्रमवारीत पहिले आले. तेथील एक कसोटी होती ब्रँच कव्हरेज.

८/ तरीही चाललेली ओळ म्हणजे बरोबर ओळ नव्हे. ४ जून १९९६ रोजी ‘एरियन-५’ अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. दोष ‘एरियन-४’कडून जशाच्या तशा घेतलेल्या कोडमध्ये होता. तो कोड पूर्वीच्या उड्डाणांत निर्धोक चालला होता. नव्या, वेगवान मार्गावर एक संख्या इतकी वाढली की १६ बिटांच्या जागेत मावेना. ओळ तीच, पण आतली संख्या नवी. ती ओळींचे किंवा फाट्यांचे कव्हरेज मोजत नाही.

९/ म्हणून साधन निवडताना तीन प्रश्न विचारावेत. आपल्या भाषेसाठी ते आहे का? ओळी मोजते की फाटेही? आणि न तपासलेली जागा बोट ठेवून दाखवते का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कव्हरेजचे खरे काम शाबासकी देणे नव्हे. राहिलेला अंधार कोठे आहे, ते दाखवणे होय.