छावणी, जंक्शन आणि पाट

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडची तालुक्याची गावे. दोन्ही जुनी, दोन्ही नदीकाठची; पण शहर म्हणून त्यांना आकार दिला तो बाहेरून आलेल्या गरजांनी.

शिरूर घोड नदीवर, पुणे-नगर वाटेवर. राज्यात शिरूर नावाची गावे बरीच, म्हणून आजही त्याला ‘शिरूर-घोडनदी’ म्हणतात. 1802च्या वसईच्या तहानंतर पेशव्याला इंग्रजांची तैनाती फौज बाळगावी लागली. पुण्यापासून सुमारे 67 किलोमीटरवरचे शिरूर या फौजेला सोयीचे होते : पुणे नजरेत राही आणि नगरची वाटही हाताशी असे. कोरेगावच्या लढाईत उतरलेली कॅप्टन स्टाँटनची इंग्रज तुकडी 31 डिसेंबर 1817च्या रात्री निघाली ती इथूनच. ‘पूना हॉर्स’ या घोडदळाचा मुक्कामही पुढे बरीच वर्षे इथे होता. छावणीमागोमाग बाजार वाढला. 1868मध्ये नगरपालिका आली. 1809मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसचे थडगे तर लोकांनी ‘सत्पुरुष’ करून टाकले आणि त्यापुढे नैवेद्य ठेवू लागले. लष्करी खुणेला गावाने असे आपलेसे केल्याची उदाहरणे थोडीच.

दौंड घडवले ते रुळांनी. 1858मध्ये रेल्वे पुण्यात आली आणि लवकरच भीमाकाठच्या दौंडवरून सोलापूरच्या दिशेने सरकली. खरा बदल मात्र 1878मध्ये झाला. दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन मुंबईहून आग्नेयेला आणि ईशान्येला जाणारे दोन मुख्य मार्ग कल्याणला वळसा न घालता जोडले गेले. गावठाण एकीकडे, तर स्टेशन, क्वार्टर्स, साहेबांचे बंगले आणि चर्च दुसरीकडे, अशी जंक्शनच्या गावांची ओळखीची मांडणी इथे उभी राहिली.

शेतशिवाराचे रूप बदलले ते पाटपाण्याने. खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्याने दौंडच्या कोरड्या माळावर पाणी नेले, पाटसचा माटोबा तलाव त्याच योजनेतला. शिरूरकडे चिंचणीला घोड धरण झाले ते 1960च्या दशकात. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला, त्यामागून साखर कारखाने आले. पुढे रांजणगाव आणि कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अष्टविनायकांतल्या महागणपतीचे रांजणगाव आता कारखान्यांसाठीही ओळखले जाते.

रुळांची मांडणीही पुढे बदलली. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला फिरवावे लागे. ते टाळण्यासाठी अलीकडे जोडमार्ग बांधला गेला. त्यावरच्या ‘दौंड कॉर्ड लाइन’ स्थानकावर थांबणाऱ्या गाड्या आता जुन्या स्टेशनात शिरत नाहीत.