दिनविशेष : ८ ऑगस्ट १९५० – सय्यद इमाम अल्-शरीफ यांचा जन्म

'डॉ. फद्ल' या नावाने ओळखले जाणारे इजिप्तचे जिहादी विचारक सय्यद इमाम अल्-शरीफ यांचा जन्म ८ ऑगस्ट १९५० रोजी कैरोच्या दक्षिणेकडील बेनी सुएफ येथे झाला. कैरो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकताना त्यांचा पुढे अल्-कायदाचे नेते झालेल्या आयमन अल्-जवाहिरी यांच्याशी परिचय झाला, आणि पुढे पेशावरमध्ये त्यांनी 'अल्-जिहाद' या सशस्त्र संघटनेचे नेतृत्व केले. 'अल्-उम्दा' या त्यांच्या ग्रंथाने सशस्त्र लढ्याला धर्मशास्त्रीय आधार दिला, म्हणून अल्-कायदाच्या प्रशिक्षण छावण्यांत तो वापरला जाई.

१९९० च्या दशकात संघटनेपासून दूर होऊन ते येमेनमध्ये शल्यचिकित्सक म्हणून काम करू लागले. २००१ मध्ये तेथेच त्यांना अटक झाली आणि २००४ मध्ये इजिप्तच्या स्वाधीन करण्यात आले. तुरुंगात लिहिलेला त्यांचा मतपरिवर्तनाचा मसुदा नोव्हेंबर २००७ मध्ये 'अल्-मस्री अल्-यौम' या कैरोच्या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. निरपराधांची हत्या निषिद्ध आहे आणि परदेशाचा व्हिसा हा 'अमान', म्हणजे परस्परांना दिलेले अभयवचन असल्याने यजमान देशाचा घात करणे हा विश्वासघात ठरतो, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. हे लेखन तुरुंगातील दबावाखाली झाल्याचा आक्षेप घेण्यात आला, तर जवाहिरी यांना २००८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचा प्रतिवाद करावा लागला. ज्या धर्मशास्त्राच्या आधारे हिंसेचे समर्थन उभे केले, त्याच शास्त्राच्या आधारे ते खोडून काढले, हे या मतपरिवर्तनाचे खरे महत्त्व होय.