घटस्फोटाच्या दाव्यात पोटगी आणि वकिलाचा खर्च

नवऱ्याने घटस्फोटाचा दावा टाकला की भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात माहेरी आलेल्या लेकीपुढे पहिला प्रश्न पैशाचा असतो. तारखेला जायचे कशाने आणि वकिलाची फी द्यायची कोठून?

बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नालाही हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. कलम २ मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. हे समाजात अनेकांना खटकते, आम्हालाही खटकते. पण आज दावा चालतो तो याच कायद्याखाली.

त्याचे कलम २४ इथे कामाचे. ज्याला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही त्याला, पत्नी असो वा पती, दावा सुरू असेपर्यंत दरमहा रक्कम आणि दाव्याचा खर्च दुसऱ्या पक्षाकडून मागता येतो. वकिलाची फी या खर्चातच येते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. हा 'शक्यतो' फार लांबतो! म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल वकिलाला आवर्जून दाखवावा. त्यानुसार दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे असते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. अर्ज उशिरा केला तर तेवढे महिने हातचे जातात. नवरा ऊसतोडीला जातो, पगाराची पावती नाही, म्हणून पोटगी बुडत नाही. धडधाकट माणसाने कमावून बायकोला सांभाळावे, हीच न्यायालयांची भूमिका आहे. निकालानंतरच्या कायम पोटगीसाठी कलम २५ आहे.

घटस्फोट नको असेल, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे १२५) ती राहते त्या भागातल्या न्यायालयात पोटगी मागता येते. पण इथे एक खड्डा आहे. गावकीत बसून स्टॅम्पवर 'आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो' असे लिहून अंगठा घेतला जातो. परस्पर संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही, आणि तोच कागद पुढे तिच्याविरुद्ध दाखवला जातो. असा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

कलम १४४ ची पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.